फळा, झेरॉक्स आणि मूडल : प्राध्यापकांच्या अविश्वासाचा इतिहास

महाविद्यालयीन प्राध्यापक नव्या तंत्राला नाके मुरडतात, हा समज इतका रूढ झाला आहे की त्याचे कारण विचारण्याची गरजही आता कुणाला वाटत नाही. अभ्यासक्रम-व्यवस्थापनाची एखादी ऑनलाइन प्रणाली महाविद्यालयात येते, दोन दिवसांची कार्यशाळा होते, चहा-समोसा होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि वर्षभराने त्या प्रणालीत पाहिले तर जून महिन्यात चढवलेला अभ्यासक्रम आणि एक 'सुस्वागतम्' एवढेच आढळते. मग निष्कर्ष निघतो की शिक्षकांची मानसिकता बदलायला हवी. हा निष्कर्ष काढणारे बहुधा कार्यशाळा घेणारेच असतात.

आम्ही कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात मराठी शिकवणारे, ठाकुर्लीच्या आसपास राहणारे काही अध्यापक आहोत. मानसिकता हा शब्द आम्हांस अपुरा वाटतो. प्राध्यापकांच्या या नकाराला एक इतिहास आहे. तो नीट पाहिला तर ध्यानात येते की ज्यांनी ऑनलाइन साधनांकडे पाठ फिरवली त्यांपैकी अनेकांनी इतर कितीतरी साधने कुणी न सांगता उचलली होती. तेव्हा काय नाकारले गेले आणि काय स्वीकारले गेले, याची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिक्षकांनी घडवलेली साधने

आरंभ थोडा दुरून करू. संगणकाद्वारे अभ्यासक्रम चालवण्याची कल्पना आंतरजालापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली 'प्लेटो' नावाची प्रणाली सुरू झाली. पण आज आपण ज्याला अभ्यासक्रम-व्यवस्थापन म्हणतो, म्हणजे टिपणे, गृहपाठ, चर्चा आणि गुण एकाच ठिकाणी ठेवणारी व्यवस्था, ती नव्वदीच्या दशकात आकाराला आली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या मरे गोल्डबर्ग यांनी १९९५-९६ च्या सुमारास 'वेबसीटी' रचली. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे कर्टिन विद्यापीठात त्याच वेबसीटीची देखभाल करणारे मार्टिन डूगियामस तिच्या मर्यादांना कंटाळले आणि त्यांनी 'मूडल' लिहायला घेतली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती कुणालाही विनामूल्य वापरता व बदलता येईल अशी ठेवली गेली. डूगियामस यांचे बालपण ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात गेले आणि त्यांचे सुरुवातीचे शिक्षण रेडिओवरून चालणाऱ्या शाळेत झाले, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. जवळपास शाळाच नसलेल्या मुलाने मोठेपणी अशी प्रणाली लिहावी यात एक संगती आहे.

म्हणजे ही साधने वर्गातून निघाली. ती ज्यांनी घडवली ते शिकवण्याच्या कामात गुंतलेले लोक होते. परंतु साधन वर्गाबाहेर पडून प्रशासनाच्या हाती गेले की त्याचा स्वभाव बदलतो, हेही तेथील प्राध्यापकांनी लवकर ओळखले. १९९७ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने कला व विज्ञान शाखांच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला संकेतस्थळ असणे आवश्यक ठरवले. त्याच वर्षी टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील प्राध्यापकांचा जवळपास दोन महिने संप चालला. अध्यापनात तंत्र किती व कसे वापरायचे याचा निर्णय शिक्षकाच्या हाती राहावा, ही त्यातील एक मागणी होती आणि ती करारात मान्य झाली. यॉर्कमध्ये इतिहास शिकवणारे डेव्हिड नोबल यांनी याच सुमारास उच्चशिक्षणाच्या यांत्रिकीकरणावर एक जहाल निबंध लिहिला. शिक्षकाचे ज्ञान एकदा प्रणालीत उतरवले की ते संस्थेचा माल होते आणि मग शिक्षकाचीच गरज उरत नाही, हे त्यांचे सूत्र. गंमत अशी की हा निबंध जगभर पसरला तो आंतरजालावरूनच. नोबल यांची सगळी भाकिते खरी ठरली असे नाही. पण साधन कुणाच्या ताब्यात आहे हा त्यांचा प्रश्न मात्र पुढे कुणालाच टाळता आला नाही.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

आता मुंबईकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले. हा नमुना शिकवणाऱ्या विद्यापीठाचा नव्हता. शिकवायचे महाविद्यालयांनी, अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. पुढे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग उभे राहिले, संशोधन सुरू झाले, तरी पदवी पातळीवर ही वाटणी आजही बहुतांशी तशीच आहे. सातशेहून अधिक संलग्न महाविद्यालये आणि त्यांना बांधणारा एक परीक्षा विभाग, हे या विद्यापीठाचे रूप होय.

ज्या संस्थेचा कणा परीक्षा आहे, तिच्यात संगणक कोणत्या दाराने शिरणार? पदवीच्या महाविद्यालयांत तो प्रवेशअर्ज, आसनक्रमांक आणि निकाल यांच्या दाराने शिरला. पुढे प्रश्नपत्रिकाही परीक्षेच्या दिवशी महाविद्यालयांना आंतरजालावरून पाठवल्या जाऊ लागल्या. वेबसीटी आणि मूडल वर्गात जन्मून बाहेर पडल्या, आमच्याकडे संगणक परीक्षा विभागात आला आणि तेथून वर्गाकडे सरकला. त्यामुळे येथील प्राध्यापकाच्या मनात 'ऑनलाइन' या शब्दाची पहिली ओळख शिकवण्याशी जोडलेली नाही. ती मुदत, नोंद आणि परिपत्रक यांच्याशी जोडलेली आहे. नंतरचा अविश्वास समजून घ्यायचा तर हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

अंतरावरून शिकवण्याला येथील शिक्षकांनी मुळातच विरोध केला, असे मात्र म्हणता येत नाही. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी छापील पाठ लिहिण्याचे काम महाविद्यालयांतील प्राध्यापकांनीच केले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. त्यांची भाषा बहुतांशी इंग्रजी असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग बेताचाच होता. त्यानंतर १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद केवळ बोधचिन्हापुरते ठेवले नाही. शेतकऱ्यांपासून गृहिणींपर्यंत अनेकांसाठी मराठीतून स्वयं-अध्ययनाची पुस्तके तयार झाली. ती लिहिणाऱ्यांत आमच्या आधीच्या पिढीतील कितीतरी अध्यापक होते. विद्यार्थी समोर नसताना त्याला कळेल असे लिहायचे, मध्येच प्रश्न विचारायचे, उत्तर शेवटी द्यायचे, ही शिस्त ते त्या कामातून शिकले. आजच्या ऑनलाइन पाठाचे व्याकरण याहून फारसे वेगळे नाही.

झेरॉक्सवाल्याची फाइल

याच काळात एक बिनसरकारी अभ्यासक्रम-व्यवस्थापन प्रणालीही उभी राहिली. तिचा उल्लेख कोणत्याही अहवालात सापडणार नाही. ती म्हणजे महाविद्यालयाच्या फाटकासमोरचे झेरॉक्सचे दुकान. कोणत्या सरांची टिपणे, कोणत्या मॅडमची प्रश्नसूची, मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, हे सर्व त्या दुकानातल्या फायलींत वर्गवारीने लावलेले असे. 'एसवायचा पेपर तीन' एवढे म्हटले की दुकानदार नेमकी फाइल काढी. विद्यार्थी गैरहजर राहिला तरी टिपण त्याच्यापर्यंत पोहोचे. प्राध्यापकाने नवे पान दिले की जुने बाजूला पडे. साठवण, वितरण, आवृत्ती-बदल ही प्रणालीची तिन्ही कामे तेथे होत आणि तीही पानामागे काही पैशांत.

प्राध्यापकांनी हे साधन विनातक्रार स्वीकारले. त्यासाठी कार्यशाळा घ्यावी लागली नाही. कारण उघड आहे. कोणते टिपण द्यायचे हे शिक्षक ठरवी, त्याचा लाभ थेट विद्यार्थ्याला होई आणि कोणी किती पाने दिली याचा तक्ता वर कोणाकडे जात नसे. झेरॉक्समुळे पुस्तके मागे पडली, आयत्या उत्तरांची सवय लागली, ही टीका रास्तच आहे. पण तो दोष अध्यापनाचा आहे. नव्या साधनाविषयीची भीती त्यातून सिद्ध होत नाही.

कर्जत, कसारा, बदलापूर येथून गाडीने येणाऱ्या विद्यार्थ्याला अशा साधनाची गरज का भासते, हे वेगळे सांगायला नको. या मार्गावर एक गाडी चुकली की पहिला तास गेला. दुपारनंतर दुकानात किंवा शिकवणीत काम करणाऱ्याला शेवटचा तास मिळत नाही. वर्गात समोर बसलेला आणि पटावर असलेला विद्यार्थी यांच्यातील हे अंतर भरून काढणारे काहीतरी हवेच होते. म्हणूनच 'वर्गातील जिवंत संवादाला पर्याय नाही' हे प्राध्यापकांच्या बाजूचे आवडते वाक्य आम्हांस तपासून घ्यावेसे वाटते. एकशेवीस विद्यार्थ्यांच्या तुकडीत, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नसताना, कितीजणांशी संवाद होतो? जेथे तो होत होता तेथे त्याचे मोल मोठे आहे. जेथे होत नव्हता तेथे त्याची ढाल करणे योग्य नव्हे.

वीज आणि वेळापत्रक

ठाकुर्लीला या प्रश्नाची एक जुनी बाजू ठाऊक आहे. येथील खाडीकाठी, चोळे गावाजवळ, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने विसाच्या दशकात कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभारले. लोक त्याला चोळे पॉवर हाऊस म्हणतात. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विजेची गाडी धावली आणि दशक संपता संपता विद्युतीकरण घाट चढून पुण्यापर्यंत गेले. त्या गाड्यांसाठी रेल्वेने स्वतःची वीज निर्माण केली, कारण वेळापत्रक पाळायचे तर वीज आपल्या हाती हवी हे रेल्वेला कळत होते. ऐंशीच्या दशकात हे केंद्र बंद पडले. पुढे २००५ नंतर काही वर्षे याच परिसरातील घरांनी भारनियमनाचे तास अनुभवले. ज्या गावाच्या विजेवर एकेकाळी पुण्याची गाडी चालली, तेथेच संध्याकाळी मेणबत्ती शोधावी लागत होती.

ऑनलाइन साधनांच्या प्रचाराची पहिली लाट नेमकी याच वर्षांत आली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले होते आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला होता. त्याने हजारो मराठी माणसांना प्रथमच माऊस धरायला शिकवले, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण शासकीय सेवेतील अनेकांनी तो केला तो वेतनवाढ अडू नये म्हणून. संगणक म्हणजे सेवापुस्तकातील एक नोंद, ही समजूत तेथेही घट्ट झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्र शासनाने माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्याअंतर्गत पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरातील हजारो अभियांत्रिकी शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या. दूरच्या केंद्रांत बसलेले शिक्षक पडद्यावरून एकत्र येत आणि मूडलवर गृहपाठ करीत. शिक्षकाला आधी विद्यार्थी म्हणून त्या प्रणालीत बसवणे ही त्यातील शहाणपणाची गोष्ट होती. दुर्दैवाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अध्यापक या वर्तुळाच्या बाहेरच राहिले. त्यांच्यापर्यंत प्रणाली पोहोचली ती बहुधा परिपत्रकातून.

गुणांकनाचे युग

हे परिपत्रक कोठून आले ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकाच्या पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली. २०१८ च्या विनियमांत ऑनलाइन सामग्रीचे भाव आणखी स्पष्ट झाले. चार क्रेडिटचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम चारही अंगांसह तयार केल्यास २० गुण. भाषा व मानव्यविद्यांतील एका मान्यताप्राप्त शोधनिबंधाला १० गुण. दरम्यान २०१७ साली राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातील 'नॅक'ने, आकडेवारीवर बेतलेली नवी चौकट लागू केली. अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली वापरणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण किती, असा प्रश्न त्या चौकटीत होता.

प्रश्न वाजवी होता, परंतु त्याचा परिणाम विचित्र झाला. 'वापर' मोजायचा तर पुरावा हवा आणि पुरावा म्हणजे खाते, चढवलेली फाइल, पडद्याचे छायाचित्र. महाविद्यालयात समितीच्या भेटीचे वर्ष आले की खाती उघडली जात, फायली चढवल्या जात आणि भेट संपली की शांतता पसरे. मूडलच्या रचनेमागे एक शैक्षणिक विचार आहे. माणसे मिळून काहीतरी घडवताना शिकतात, म्हणून चर्चेचे दालन हे तिचे हृदय. ते दालन मात्र पुराव्याच्या यादीत क्वचितच मोजले जाई. जे मोजले जाते तेच वाढते, या न्यायाने फायली वाढल्या आणि चर्चा खुंटली. प्रणाली निकामी ठरली असे म्हणावे तर तिच्याकडून जे काम घेतले ते तिने चोख केले. ते काम शिकवण्याचे नव्हते इतकेच.

या सगळ्यावर कळस चढवला तो २०१७ च्या उन्हाळी परीक्षांनी. मुंबई विद्यापीठाने त्या सत्राच्या सर्व उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका गोळा करायच्या, त्यांचे पान न् पान स्कॅन करायचे, मग प्राध्यापकांनी मूल्यमापन केंद्रावर जाऊन संगणकावर त्या तपासायच्या, असा हा घाट होता. पुरेशी चाचणी आणि पुरेसे प्रशिक्षण यांवाचून तो एकाच वेळी सर्व शाखांना लागू झाला. निकाल रखडले. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. परदेशी किंवा अन्य विद्यापीठांत प्रवेश घेऊ पाहणारे विद्यार्थी गुणपत्रिकेवाचून अडकले. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रकरणात प्राध्यापकांकडे बोट दाखवणारेही पुष्कळ होते. ते तपासणीला येत नाहीत, त्यांना संगणक येत नाही, असे म्हटले गेले. न्यायाने सांगायचे तर पडद्यावरील तपासणीचे काही लाभ खरे आहेत. बेरजेची चूक होत नाही, तपासायचे राहिलेले उत्तर प्रणाली दाखवते, गठ्ठे इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत. पुढे ही पद्धत टिकलीही. परंतु ज्यांच्या हातून हे काम व्हायचे त्यांना विचारण्याचा टप्पाच त्या उन्हाळ्यात गळला होता. नव्या पुलावरून गाडी नेण्याआधी रेल्वेसुद्धा रिकामे इंजिन नेऊन पाहते. येथे थेट भरलेली गाडी सोडली गेली. ज्या वर्षी 'स्वयम्' हे राष्ट्रीय ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले, त्याच जुलै महिन्यात मुंबईतील प्राध्यापक व विद्यार्थी ऑनलाइन या शब्दाचा हा दुसरा अर्थ शिकत होते.

मराठीचा अडसर

भाषेच्या अध्यापकांच्या वाट्याला आणखी एक अडचण आली. तिची चर्चा तंत्राच्या परिषदांत फारशी होत नाही. युनिकोडपूर्व काळात मराठी टंकन श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा निरनिराळ्या प्रणालींत होई. प्रत्येकीची अक्षररचना वेगळी. अनेक अध्यापकांची वर्षानुवर्षांची टिपणे अशा टंकांत साठवलेली होती. ती मूडलसारख्या प्रणालीत चिकटवली की पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. म्हणजे मराठीच्या शिक्षकाला ऑनलाइन यायचे तर आधी आपले सारे लेखन नव्याने टंकित करणे भाग होते. इंग्रजीच्या किंवा वाणिज्याच्या सहकाऱ्याला हे ओझे नव्हते. मराठीचा अध्यापक मागे पडला असे आकडे सांगत असतील तर त्या आकड्यांत हे श्रम कोठेच दिसत नाहीत.

युनिकोड रुळल्यावरही सारे सुरळीत झाले नाही. 'दुसऱ्या' हा शब्द दोन वेगळ्या कळक्रमांनी टंकित करता येतो. डोळ्याला दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द. रिकाम्या जागा भरण्याच्या स्वयंचलित चाचणीत विद्यार्थ्याचे अचूक उत्तर चूक ठरते ते अशा ठिकाणी. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी प्रमाणीकरणाचा निर्णय काढला. पण शासननिर्णय आणि प्रश्नमंजूषेची प्रणाली यांची गाठ कोण घालून देणार? साहित्याच्या अध्यापकाची खरी अडचण तर याहून खोल आहे. कवितेच्या आस्वादाला चार पर्याय आणि एक बरोबर उत्तर या साच्यात बसवले की उरते ते कवीचे जन्मवर्ष.

२०२० आणि त्यानंतर

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि सगळा वाद एका आठवड्यात निकालात निघाला. जे पंधरा वर्षे कार्यशाळांनी झाले नाही ते महामारीने करून दाखवले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेले अध्यापक गूगल क्लासरूममध्ये वर्ग उघडू लागले. स्वयंपाकघरातील ओट्यावर मोबाइल टेकवून व्याख्याने झाली. मानसिकतेचा सिद्धांत खरा असता तर हे घडतेच ना. गरज समोर दिसली, विद्यार्थी पलीकडे वाट पाहत आहे हे कळले, तेव्हा त्यांनी साधन आत्मसात केले.

त्याच काळात परीक्षेची जुनी छायाही परत आली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ ऑगस्ट २०२० च्या निकालाने परीक्षा अटळ ठरल्या. मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबरात ऑनलाइन, बहुपर्यायी, तासाभराच्या अशा झाल्या. दूर व मुक्त अध्ययन संस्थेच्या परीक्षांत तर तांत्रिक व्यत्ययामुळे वेळापत्रक पुढे ढकलावे लागले. १९७१ पासून नोकरदारांसाठी चालत आलेल्या, दुरून शिकवण्याचा सर्वांत जुना अनुभव असलेल्या संस्थेवर ही वेळ यावी, हे खेदाचे.

मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा मसुदा पुढे ठेवला. त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवता येईल असे सुचवले होते. त्याच वर्षी स्वयम् वरून घेता येणाऱ्या क्रेडिटची मर्यादाही २० वरून ४० टक्क्यांवर नेण्यात आली. शिक्षक संघटनांनी शंका घेतल्या. ४० टक्के अध्यापन पडद्यावर गेले तर कार्यभार किती उरेल आणि कार्यभार घटला तर पदे कोणाची जातील? ज्या राज्यात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांच्या भरवशावर विभाग चालतात, तेथे हा प्रश्न काल्पनिक नव्हे.

येथे नोबल यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या सतराव्या कलमानुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क नोकरी देणाऱ्याचा असतो. फळ्यावर लिहिलेले पुसले जात होते आणि वहीतले टिपण शिक्षकासोबत घरी जात होते, तोवर या कलमाची आठवण कुणाला झाली नाही. प्रणालीत चढवलेले मात्र राहते. तासिकेवर शिकवणारी एखादी तरुण अध्यापिका वर्षभर खपून पस्तीस पाठ ध्वनिचित्रित करते, जूनमध्ये तिची नेमणूक पुन्हा होत नाही आणि पाठ तेथेच राहतात. पुढच्या वर्षी ते कुणी वापरले तर तिला काय मिळावे? तिचे नाव तरी राहावे की नाही? हे प्रश्न महाविद्यालयाच्या कोणत्याही कार्यशाळेच्या विषयपत्रिकेवर आम्ही पाहिले नाहीत.

हिरव्या खिडकीतला वर्ग

महाविद्यालये २०२१ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडली. विकत घेतलेल्या प्रणाली पुष्कळ ठिकाणी मंदावल्या. टिकून राहिला तो व्हॉट्सअ‍ॅपचा गट. २०१६ च्या अखेरीस मोबाइलवरील आंतरजाल स्वस्त झाले तेव्हापासूनच तो रुजला होता. 'टीवाय मराठी' असे नाव, वरती महाविद्यालयाच्या इमारतीचे चित्र आणि आत टिपणे, प्रश्नसूची, सूचना, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि अधूनमधून एखादी कविता. धिम्या गाडीत, ठाकुर्ली ते ठाणे उभ्याने जाणारी विद्यार्थिनी एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने सरांनी पाठवलेले पान वाचते. हा झेरॉक्सवाल्याच्या फाइलीचाच पुढचा अवतार होय. त्याच कारणांनी तो प्राध्यापकांनी स्वीकारला.

त्याचे तोटेही त्याच जातीचे आहेत. मागचे सापडत नाही, चर्चेला धागा नाही, रात्री अकरालाही शंका येते आणि विद्यार्थिनींचे क्रमांक साऱ्या गटाला उघड होतात. चांगली चालवलेली मूडल हे चारही दोष टाळू शकते. म्हणजे प्राध्यापकांनी जे साधन आपले मानले ते कमी प्रतीचे आहे आणि जे उत्तम आहे ते परके राहिले आहे. हे नुकसान अखेर विद्यार्थ्याचे आहे. म्हणूनच या इतिहासाकडे केवळ शिक्षकांचा कैवार म्हणून पाहू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवे अभ्यासक्रम आता महाविद्यालयांत आले आहेत, क्रेडिटची ऑनलाइन पेढी आली आहे आणि त्यांच्यासोबत नव्या प्रणाली येतच राहतील. दर वेळी शिक्षकांची मानसिकता तपासण्याऐवजी साधनाचीच तपासणी करावी असे आम्हांस वाटते. त्याची नोंद वाचणार कोण, विद्यार्थी की समिती? त्यात चढवलेले पान कोणाचे आणि ते काढून नेण्याची मुभा कोणाला? त्यात मराठी सरळ लिहिता येते काय? आणि ते लागू करण्यापूर्वी एखाद्या छोट्या तुकडीवर, एखाद्या सत्रापुरते, शिकवणाऱ्यांच्या सल्ल्याने चालवून पाहिले गेले काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर कार्यशाळा दोन दिवसांची असो वा दोन तासांची, प्राध्यापक तेथे प्रमाणपत्रासाठी बसणार नाही.